कोशाचें दप्तर आणि आपल्या तोंडचे शब्द

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आजचा विषय शब्दकोशाचा आहे हें ऐकून कांहीं मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कोश म्हणजे पंडिताच्या फळीवरचें जाड बाड. नांगर धरणाऱ्याला आणि घण मारणाऱ्याला त्याचें काय? आमचें म्हणणें असें कीं, सातबाऱ्याशीं तुमचा जेवढा संबंध आहे तेवढाच कोशाशींहि आहे. जमीन पिढ्यान् पिढ्या तुम्ही कसलीत, पण दप्तरीं नोंद दुसऱ्याच्या नांवाची असली तर कचेरींत तुमचें कोण ऐकतो? वहींत नांव नाहीं म्हणजे जणूं तो माणूस त्या शेतांत कधीं उभाच राहिला नाहीं. शब्दाचें तसेंच आहे. तुमचा मुलगा शाळेंत निबंध लिहितांना 'वाफसा' लिहितो. ज्या मास्तराला हा शब्द ठाऊक नाहीं तो कोश उघडून पाहतो. सांपडला तर मुलगा हुशार, न सांपडला तर मुलगा गांवढळ. शब्द तोच, मुलगा तोच. मधें फक्त एक नोंद.

तेव्हां ही नोंद कोण करतो, कोणता शब्द घेतो, कोणता गाळतो, आणि कशाच्या आधारावर गाळतो, हें आज पाहूं. त्यासाठीं थोडें परमुलखांत जावें लागेल; पण परत येऊं तें आपल्याच खळ्यावर.

कोश करणें म्हणजे चाळणें, ही गोष्ट कोशकारांनींच प्रथम बोलून दाखविली आहे. इटली देशांत फ्लॉरेन्स शहरीं विद्वानांची एक मंडळी होती. तिनें आपलें नांवच 'क्रुस्का' ठेवलें. त्यांच्या भाषेंत क्रुस्का म्हणजे कोंडा. मंडळीचें चिन्ह पीठ चाळण्याचें यंत्र. भाषेंतला कोंडा काढून टाकावयाचा आणि निर्मळ पीठ राखावयाचें, अशा हेतूनें त्यांनीं १६१२ सालीं आपला कोश छापला. पीठ कोणतें? तर अडीचशें-तीनशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या नामांकित लेखकांची भाषा. बाकीचा कोंडा.

येथें बसलेल्या आमच्या मायबहिणी मनांत हंसत असतील. सूप हातीं धरणाऱ्या बाईला पाखडणें वेगळें, आसडणें वेगळें, घोळणें वेगळें हें शिकवावें लागत नाहीं. आणि सुपाबाहेर पडलेला कोंडाहि ती उकिरड्यावर टाकीत नाहीं. तो म्हशीच्या आंबोणांत जातो. गरिबाच्या घरीं तर कोंड्याचाच मांडा होतो. फ्लॉरेन्सच्या पंडितांना चाळणी ठाऊक होती, पण सुपाचा धर्म ठाऊक नव्हता.

हीच चाळणी पुढें फ्रान्सांत गेली, आणि तेथें तिच्यापायीं एका माणसाला पंक्तींतून उठविण्यांत आलें. ही हकीकत आम्ही जरा सविस्तर सांगणार आहों. पॅरिस शहरीं १६३५ सालीं राजाच्या आश्रयाखालीं चाळीस विद्वानांची अकादमी स्थापन झाली. तिनें कोश रचावयास घेतला. सभ्य लोकांच्या बोलण्यांतले शब्द घ्यावयाचे, आणि धंद्यांचे, हत्यारांचे, कारखान्यांचे शब्द बाहेर ठेवावयाचे, असा तिचा बेत. काम असें चाललें कीं, कोश बाहेर पडावयास १६९४ साल उजाडलें. स्थापनेपासून एकुणसाठ वर्षें! आणि गंमत अशी कीं, स्वतःचा कोश होत नाहीं तोंवर फ्रेंच भाषेचा कोश दुसऱ्या कोणीं काढूं नये, असा मक्ताहि अकादमीनें राजाकडून मिळवून ठेवला होता. आपण करावयाचें नाहीं आणि दुसऱ्याला करूं द्यावयाचें नाहीं; ही चाल तुम्हांआम्हांला कांहीं नवी नाहीं.

त्या चाळिसांतच अंत्वान फ्युर्तिएर नांवाचा एक गृहस्थ होता. त्यानें स्वतंत्रपणें कोश रचला, आणि त्यांत शास्त्रांचे व हुन्नरांचे शब्द मुद्दाम घातले. भाषा ही एका दिवाणखान्याची नाहीं, सगळ्या देशाची आहे, अशी त्याची धारणा त्या कोशाच्या बांधणींतच दिसते. १६८५ सालीं अकादमीनें त्याला सभासदत्वावरून काढून टाकलें. भांडणतंटा, पत्रकबाजी पुष्कळ झाली. १६८८ सालीं तो बिचारा कोश छापलेला न पाहतांच वारला. पुस्तक १६९० सालीं हॉलंडांत छापून निघालें, म्हणजे अकादमीच्या कोशाच्याहि चार वर्षें आधीं! मग अकादमीलाहि जाग आली. तिच्याच एका सभासदानें, तोमा कॉर्नेईनें, कलाहुन्नरांच्या शब्दांचा निराळा कोश रचला, आणि तोहि १६९४ सालींच मोठ्या कोशाच्या जोडीला निघाला. म्हणजे कारागिरांच्या शब्दांना जेवावयास वाढलें खरें. पण मुख्य पंगतींत नव्हे, बाहेर ओसरीवर वेगळीं पानें मांडून.

इंग्रजांची कथा याहून फारशी निराळी नाहीं. त्यांचा गाजलेला कोशकार सॅम्युअल जॉन्सन. हा कांहीं सरदाराचा मुलगा नव्हे. बाप पुस्तकविक्या, आणि तरुणपण दारिद्र्यांत गेलेलें. त्यानें १७५५ सालीं दोन जाड खंडांत सुमारें ४२,००० शब्दांचा कोश छापला. त्या कोशाच्या प्रस्तावनेंत तो मोकळेपणानें कबूल करतो कीं, खाणींत उतरून खाणकामगारांची भाषा, गलबतावर चढून खलाशांची भाषा, आणि कारागिरांच्या दुकानांत जाऊन त्यांच्या हत्यारांचीं नांवें शिकणें आपल्याच्यानें झालें नाहीं. इथवर माणूस प्रामाणिक. परंतु पुढें तो असेंहि सांगतो कीं, कष्टकऱ्यांची व व्यापाऱ्यांची भाषा बव्हंशीं तात्पुरती व बदलती असते. ती टिकाऊ भाषेचा भाग नव्हे. जतन करण्यास अपात्र अशा इतर वस्तूंबरोबर तीहि नष्ट झाली तर होऊं द्यावी.

कष्टकऱ्याचा शब्द म्हणे तात्पुरता! 'नांगर' हाच शब्द घ्या. ऋग्वेदांत तो 'लांगल' या रूपानें आहे. आणि तो मुळांत संस्कृताचाहि नसून या भूमींत आधींपासून शेती करणाऱ्या लोकांच्या भाषेंतून उचललेला असावा, असें पुष्कळ भाषापंडित मानतात. राजे गेले, बादशाह्या गेल्या, दरबारांतल्या पदव्यांचे शब्द धुळीला मिळाले. पण तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्याचा शब्द आज आपल्या तोंडीं आहे. टिकाऊ कोणाचें आणि तात्पुरतें कोणाचें, तें तुम्हीच ठरवा.

असो. इंग्रजांना पुढें शहाणपण सुचलें. १८५७ सालीं लंडनच्या भाषाशास्त्र मंडळींत असा विचार निघाला कीं, कोशकार हा शब्दांचा न्यायाधीश नव्हे, तो त्यांचा इतिहास लिहिणारा आहे. चांगला शब्द, वाईट शब्द ही निवड त्यानें करूं नये. जो जो शब्द भाषेंत आला त्याचा जन्म, त्याचे फिरलेले अर्थ आणि मेला असल्यास त्याचें मरण, हें सारें लिहून ठेवावें. काम प्रचंड. म्हणून १८७९ सालीं संपादक जेम्स मरे यानें पत्रक काढून आम जनतेला विनंति केली: पुस्तकें वाचा, शब्द सांपडला कीं तो शब्द, तो ज्या वाक्यांत आला तें वाक्य, पुस्तकाचें नांव व साल एका चिठ्ठीवर उतरा आणि आमच्याकडे धाडा. लोकांनीं धाडल्या, पन्नास लाखांच्या घरांत चिठ्ठ्या जमल्या! पहिला भाग १८८४ सालीं, शेवटचा १९२८ सालीं. चार लाखांवर शब्द. आणि नियम असा कीं, या मोठ्या कोशांत एकदां आलेला शब्द पुन्हां काढावयाचा नाहीं. वापरांतून गेला तर त्याच्यापुढें मेल्याची खूण करावयाची, पण जागा त्याची त्याला.

हा नियम आम्हांला फार आवडतो. तरीपण त्याच्या पोटांत एक खोंच आहे. पुरावा पाहिजे तो लिहिलेला, बहुतेक छापलेलाच. आतां ज्याच्या हातीं लेखणीच येऊं दिली नाहीं, त्याच्या तोंडचा शब्द पुराव्यास कसा उभा राहावा? आणि चिठ्ठी असूनहि काय होतें तेंहि ऐका. इंग्रजींत 'बाँडमेड' असा एक शब्द आहे. अर्थ बांधील दासी, बटीक. १८८८ सालच्या पहिल्या खंडांत हा शब्द यावयास पाहिजे होता. चिठ्ठ्या गोळाहि झाल्या होत्या. पण त्या कोठें तरी गहाळ झाल्या आणि खंड छापून मोकळा झाला! शब्द आंत आला तो १९३३ च्या पुरवणींत. कोणीं मुद्दाम केलें नाहीं, नुसता विसर पडला. पण विसर पडावयाला राणी नाहीं, सरदार नाहीं, दासीच सांपडली, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. मराठीचा कोश प्रथम छापला तो बंगाल्यांत श्रीरामपूर येथें, विल्यम कॅरे या मिशनऱ्यानें, १८१० सालीं. तो मोडी टाइपांत होता. १८२९ सालीं शास्त्रीमंडळींनीं रचलेला मराठी-मराठी कोश मुंबईकडे निघाला. आणि १८३१ सालीं निघाला तो मोल्सवर्थचा. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या पलटणींतला गोरा अंमलदार. मदतीला जॉर्ज व टॉमस कँडी हे दोघे भाऊ, आणि शब्द पारखावयास शास्त्रीमंडळी. पहिल्या आवृत्तींत सुमारें ४०,००० शब्द होते. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत ते सुमारें ६०,००० झाले. त्या काळीं मराठींत छापील गद्य जवळजवळ नव्हतेंच. पुस्तकांवर विसंबावें तर पुस्तकें नाहींत. म्हणून लोकांच्या तोंडून शब्द वेंचणें भाग पडलें. ही अडचणच आपल्या पथ्यावर पडली. औताचीं, मोटेचीं, गोठ्यांतलीं कितीतरी नांवें त्या कोशांत अर्थासकट मिळतात. साहेबानें हें आमच्या प्रेमानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. राज्य चालवावयाचें तर रयतेचें बोलणें कळावयास पाहिजे, हा हिशेब त्यांत होताच. पण काम झालें तें झालें. त्याचें श्रेय त्याला द्यावें.

मात्र तेथेंहि शब्दांच्या कपाळीं शिक्के आहेत. हा हलका, हा ग्राम्य, हा अपभ्रंश. कोशांत शिरावयास मिळणें ही एक पायरी. शिरल्यावर कोठें बसवतात ही दुसरी. पुणेरी घरांत जें रूप बोलतात तें मूळ धरून ठळक अक्षरांत छापावयाचें, आणि तुमच्या घरांत जें बोलतात तें त्याचें बिघडलेलें रूप. 'पाणी' मूळ, 'पानी' बिघडलेलें. शेजारच्या हिंदींत तेंच 'पानी' शुद्ध! संस्कृतांत पाहावें तर 'पानीय', म्हणजे तेथेंहि नकारच, णकार नाहीं. मग बिघडलें कोणाचें? आम्ही 'पाणी' लिहूं नका म्हणत नाहीं. लिहिण्याला एक रूप ठरवावेंच लागतें, नाहींतर छापखान्यांत गोंधळ होईल. आमची तक्रार एवढीच कीं, ठरविलेल्या रूपाला सोयीचें रूप म्हणा, शुद्ध म्हणूं नका. जोतीराव फुल्यांच्या लिखाणाला 'निबंधमाले'च्या कर्त्यानें व्याकरणाच्या चुका काढून हिणविलें. चुका मोजणाऱ्याला त्या पुस्तकांतला शेतकरी दिसला नाहीं. 'शेतकऱ्याचा असूड' हें १८८३ सालचें पुस्तक आज कोशकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर कुणब्याच्या घराची, गोठ्याची, चुलीची, कर्जाची नोंदवहीच आहे. तसेंच 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं काढलेलें तें पत्र. तसेंच मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र', जो १९१० पासून पुढें पन्नासांवर वर्षें नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांतून निघत होता. छापील पुरावाच पाहिजे ना? हा घ्या पुरावा. पुण्यामुंबईच्या कादंबऱ्या चाळून शब्द वेंचणाऱ्यांनीं या अंकांवरची धूळहि झटकावी.

मराठीचा सर्वांत मोठा कोश म्हणजे दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. १९३२ ते १९३८ या काळांत सात भाग निघाले, १९५० सालीं पुरवणी निघाली. शब्द सव्वा लाखाच्या वर. त्या संपादकांच्या कष्टांपुढें आम्ही मान लववितों. त्यांनीं कोंकण, गोवा, वऱ्हाड, खानदेश येथले शब्द प्रांताची खूण करून घेतले, सुतार-लोहारांच्या धंद्यांतलेहि घेतले. कपाळावरचा 'ग्राम्य' हा शिक्का मात्र त्यांनाहि पुसावासा वाटला नाहीं. आणि तो कोश झाल्याला किती वर्षें लोटलीं पाहा! त्यानंतर आपल्या शेतांत काय काय बदललें. पण तितक्या हौसेनें मराठी शब्दांचें खळें पुन्हां कोणीं केलें नाहीं.

त्याच पुण्यांत, डेक्कन कॉलेजांत, १९४८ सालीं संस्कृताच्या मोठ्या कोशाचें काम आरंभलें. सुमारें दीड हजार ग्रंथ वाचून सुमारें एक कोटी चिठ्ठ्या केल्या. पहिला भाग १९७६ सालीं निघाला, आणि पुढें कित्येक वर्षें भागामागून भाग निघत गेले ते सगळे 'अ' या पहिल्या अक्षराचेच! आम्ही थट्टा करीत नाहीं. खऱ्या कोशाचें काम असेंच सावकाश व्हावयाचें. आमच्या मनांत येतें तें इतकेंच कीं, जी भाषा आज कोणाच्या स्वयंपाकघरांत बोलली जात नाहीं तिच्यासाठीं एक कोटी चिठ्ठ्या. आणि जी कोट्यवधि लोकांच्या तोंडीं आहे, तिच्यांतल्या कुंभाराच्या चोपण्याला एक चिठ्ठी मिळूं नये काय? एक आनंदाची गोष्टहि सांगितली पाहिजे. त्याच कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचें सर्वेक्षण हातीं घेतलें, आणि गांवोगांव जाऊन लोकांच्या तोंडचे शब्द ध्वनिमुद्रित केले. कामाला तोंड लागलें आहे.

येथें कोणी विचारील, कोशांत नसला म्हणून शब्द मरतो काय? नाहीं मरत. शिवाजी महाराजांनीं फारशी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आणण्यासाठीं 'राज्यव्यवहारकोश' करविला. तरी 'दप्तर' राहिलें, 'तारीख' राहिली, 'शिपाई' राहिला. महाराष्ट्र सरकारनें १९६२ सालीं 'पदनाम कोश' काढला तेव्हां आचार्य अत्र्यांनीं त्याला 'बदनाम कोश' म्हणून नांव ठेवलें; त्यांतले कांहीं शब्द रुळले, कांहींना कोणीं विचारलें नाहीं. नवें यंत्र आलें कीं त्याच्या भागांना नांव देण्यासाठीं संस्कृताची पोतडी उघडावयाची, आणि सुताराच्या वाकसाला, पटाशीला, सामत्याला, गुण्याला. कोष्ट्याच्या धोट्याला, फणीला विचारावयाचें नाहीं, ही खोड मात्र सरकारी परिभाषेंत पक्की बसली आहे. ज्यानें हातांत हत्यार धरलें त्यानेंच त्याला नांव दिलेलें असतें; तें नांव आयतें असतांना नवें बारसें कशाला?

लोकांच्या तोंडांत शब्द जगतो तोंवर कोश असला काय, नसला काय. पण वस्तु गेली कीं शब्दाचें घर जातें. इंजिन आलें, विजेचा पंप आला, मोट गेली. मोट गेल्याचें दुःख आम्हांला नाहीं. बैलांचे आणि माणसांचे खांदे सुटले. पण मोटेबरोबर नाडा गेला, सोंदूर गेला, धाव गेली, थारोळें गेलें. 'थारोळें' म्हणजे मोटेचें पाणी येऊन पडे तें विहिरीच्या कांठचें टांकें. आज वर्तमानपत्रांत रोज 'रक्ताच्या थारोळ्यांत' कोणी ना कोणी पडलेला असतो, आणि तें छापणाऱ्याला थारोळें म्हणजे काय हें सांगतां येत नाहीं! स्वच्छ पाण्याचा शब्द रक्तानें भरून राहिला. तसेंच 'मातेरें'. खळें झाडतांना माती मिसळलेलें जें धान्य गोळा होतें तें मातेरें. शहरांत मात्र आयुष्याचें मातेरें होतें, खळें कोणीं पाहिलेलें नसतें. आणि 'घात' पाहा. वऱ्हाड-मराठवाड्याकडचा शेतकरी 'घात आली' म्हणतो तेव्हां त्याच्या तोंडावर आनंद असतो. जमीन पेरणीजोगी झाली. शहरचा माणूस तेंच ऐकून घाबरेल. अशा शब्दांचा एकच अर्थ नोंदला आणि दुसरा गाळला, तर शब्द कोशांत असूनहि अर्धा मेलाच.

मोठ्या कोशाची ही गत, तर लहान कोशाचें काय विचारतां! लहान कोशांत पानें मोजकीं. नवा शब्द आंत घ्यावयाचा तर जुना बाहेर काढावा लागतो. २००७ सालीं इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या मुलांसाठींच्या लहान कोशाची आवृत्ति निघाली. तिच्यांतून ओकच्या झाडाचें फळ गेलें, खंड्या पक्षी गेला, रानफुलांचीं नांवें गेलीं. आणि संगणकाच्या कारभाराचे शब्द आंत आले. सांगितलेलें कारण असें कीं, मुलें आतां शहरांत राहतात, त्यांना हे शब्द लागत नाहींत. २०१५ सालीं तेथल्या नामांकित लेखकांनीं सह्यांचें पत्र काढून विरोध केला. आमच्या शाळकरी कोशांतून काय काय गळालें यावर कोणीं सह्या केल्या? आणि शब्द किती वेळां लागतो हें मोजतात तें तरी कशावरून? पुस्तकांवरून, वर्तमानपत्रांवरून, आतां यंत्रांत टंकलेल्या मजकुरावरून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिवारांत जें बोललें जातें तें या मोजणींत धरलें जात नाहीं. ज्याच्या घरीं माप नाहीं त्याचें धान्य कमी भरणारच.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. आपल्या लोकांना खालीं पाडणारे, जातीवरून हिणविणारे शब्द आणि म्हणी कोशांत आहेत. ते काढून टाका, असें आमचे कांहीं तरुण बंधु म्हणतात. त्यांचा राग रास्त आहे. वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२० सालच्या डिसेंबरांत घेतला, तो आम्हांला मान्य आहे. पत्ता सांगतांना माणसाला मान खालीं घालावी लागूं नये. परंतु पाटी वेगळी आणि दप्तर वेगळें. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या दासीला 'कुणबीण' म्हटलेलें आहे. कुणब्याच्या बाईचें नांव आणि बटकीचें नांव एकच! हा अर्थ ओंगळ म्हणून कोशांतून पुसला तर उद्यां कोणी म्हणेल, असें कधीं झालेंच नाहीं. 'वेठ' हा शब्द काढला तर वेठीला धरलेल्यांची साक्ष कोण देणार? म्हणून असे शब्द ठेवा. पण पुढें स्पष्ट लिहा कीं, हा शब्द अमक्यांनीं तमक्यांना हिणवावयास वापरला, आज तो वापरणें अपमानकारक आहे. शिक्का मारावयाचा तर येथें मारा. लोहाराच्या 'शेवटणें' या शब्दावर नको, ज्यानें बोथट फाळ पुन्हां शेतांत जाण्याजोगा होतो.

आतां कामाचें बोलूं. पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं यावें आणि आपले शब्द लिहून न्यावेत, याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. घरोघर शिकलेलीं मुलेंमुली आहेत. जुन्या वहीचीं कोरीं पानें कापून पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच शब्द. तो जसा कानावर पडला तसा लिहा. शाळेंत शिकलात म्हणून सुधारूं नका. आजी 'वैरणें' म्हणाली तर दाणे जात्यांत वैरण्याचें तिचें वाक्य जसेंच्या तसें लिहा, आणि उकळत्या आधणांत पीठ वैरण्याचेंहि लिहा. दोन अर्थ, दोन चिठ्ठ्या. कोणीं सांगितला, त्याचें वय, धंदा, गांव व तालुका लिहा. शेजारच्या गांवीं त्याच वस्तूला दुसरें नांव असेल तर भांडूं नका, त्याची वेगळी चिठ्ठी करा. हत्याराचें नुसतें वर्णन पुरत नाहीं. पाठीमागें चित्र काढा, कोणता भाग कोठें तें बाण काढून दाखवा, हाताच्या बोटांनीं मोजून लांबी-रुंदी घाला. खिशांत बोलका फोन असेलच, त्यावर आवाजहि धरून ठेवा. पण फोन फुटतो, बदलतो, म्हणून चिठ्ठी सोडूं नका. तयार झालेला गठ्ठा गांवच्या वाचनालयांत ठेवा आणि एक नक्कल जवळच्या कॉलेजांतल्या मराठीच्या गुरुजींकडे द्या.

सुरुवात कोणापासून करावी असें विचाराल, तर ज्यांनीं तरुणपणीं मोट हाकली तीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. आधीं त्यांच्यापाशीं बसा. मग खड्डा-मागावर बसलेले कोष्टी, आवा लावणारे कुंभार, रांपी आणि आरी चालविणारे चर्मकार बंधु. म्हाताऱ्या बायकांना पुरुषांसमोर विचारूं नका, त्या बोलणार नाहींत, मुलींना पाठवा. आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीनें लिहूं नका, पुसली जाते. शाईनें लिहा, आणि तारीख घाला.